सल्ला हवाय: आईबाबांना टोकियोजवळचं एखादं छोटं स्टेशन दाखवायचंय, उमी-शिबाउरा कसं आहे?

निशीकासाईकर
नमस्कार मंडळी, आईबाबा पुढच्या महिन्यात डोंबिवलीहून येतायत. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांना कितीही उंच टॉवर दाखवा, ते खाली रूळच बघणार. शिंकानसेन (बुलेट ट्रेन) होईलच, पण एखादी साधी ब्रांच लाईन, छोटं स्टेशन, अर्ध्या दिवसात उरकेल असं काही सुचवा ना. आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. ऑफिसात एकाने उमी-शिबाउरा सांगितलं पण तिथे म्हणे स्टेशनच्या बाहेर पडताच येत नाही?? मग जाऊन करायचं काय?

खाडीकाठचा
बरोबर सांगितलंय त्याने. त्सुरुमी लाईनच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन आहे, गेटच्या पलीकडे थेट तोशिबाचा कारखाना, कामगार नसाल तर गार्ड पुढे सोडत नाही. पण प्लॅटफॉर्मच्या कठड्याखाली डायरेक्ट कालव्याचं पाणी आहे, समोर त्सुरुमी त्सुबासा पूल. आणि बाहेर पडता न येणाऱ्या लोकांसाठी तोशिबानेच १९९५ मध्ये गेटजवळ छोटंसं पार्क करून दिलंय, बाकं आहेत, प्लॅटफॉर्मला लागूनच आहे म्हणजे काकूंना चालायचं काहीच नाही. पार्कात जाताना कार्ड टॅप करून बाहेर आणि परत येताना टॅप करून आत, हे विसरू नका नाहीतर पुढच्या स्टेशनवर कार्ड अडकतं.

खरी गोम टाइमटेबलची आहे. सकाळ-संध्याकाळ कामगारांसाठी गाड्या असतात, दुपारी दोन-दोन तास एकही नाही. आलेली गाडी थोडा वेळ थांबून तीच परत जाते, बरेच लोक फोटो काढून तिच्यातच बसतात. तुम्ही आधी परतीची गाडी ठरवा मग जायची. माझं मत विचाराल तर दिवस मावळताना जा, पुलाचे दिवे लागतात तेव्हा. पार्क रात्री साडेआठला बंद होतं.

टिवल्याबावल्या
एवढं लांब जाऊन कालवा बघायचा? त्यापेक्षा एनोदेन, म्हणजे कामाकुराची ती समुद्राकाठची छोटी ट्रेन, दाखवा की, समुद्र पण आहे आणि फुजी पण दिसला तर दिसला.

खाडीकाठचा
@टिवल्याबावल्या एनोदेन छानच आहे, पण सुट्टीच्या दिवशी कामाकुराच्या गर्दीत गुडघेवाल्या माणसाला उभ्याने नेणार का?

लोकोशेड
काका सिग्नलवाले असतील तर फक्त शेवटचं स्टेशन बघून येऊ नका, अख्खी लाईनच त्यांच्यासाठी आहे. जेमतेम तीन डब्यांची गाडी, १०६७ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (आपलं १६७६, काकांना डबा लहान वाटणार), आणि वर १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे आपल्या मुंबईच्या लोकल पूर्वी ज्याच्यावर धावायच्या तेच. ही लाईन मुळात कारखान्यांनी स्वतःच्या मालासाठी टाकलेली खासगी रेल्वे, १९४३ ला सरकारने घेतली. म्हणून स्टेशनांना शेटजींची नावं आहेत, असानो म्हणजे सिमेंटवाले असानो सोइचिरो, आन्झेन म्हणजे बँकवाले यासुदा झेन्जिरो, ओकावा म्हणजे कागदवाले. ओकावाच्या फाट्यावर १९९६ पर्यंत युद्धापूर्वी बनलेला एकच डबा एकटा धावायचा, तो आता नाही. पण आन्झेनच्या यार्डात नशीब असेल तर अमेरिकन लष्करी तळाला विमानाचं इंधन नेणारे टँक वॅगन उभे दिसतात. असानोला फाटा फुटतो, तिथे उतरून काकांना पॉइंट (गाडी रूळ बदलते ती जागा) बघू द्या, मांजरं पण खूप आहेत तिथे, काकू त्यांच्यात रमतील.

कोकुदो पण चुकवू नका, त्सुरुमीनंतरचं पहिलंच. १९३० चं स्टेशन, रुळांखाली कमानींची अंधारी गल्ली, बाहेरच्या भिंतीवर युद्धात विमानातून झालेल्या गोळीबाराच्या खुणा अजून आहेत. जिने आहेत मात्र, काकूंना विचारून ठरवा.

मृण्मयी_योकोहामा
त्सुरुमीला उतरताच आहात तर सोजीजी मठ करा ना, सोतो झेन पंथाच्या दोन मुख्य मठांपैकी एक, स्टेशनपासून चालत जवळ. पूर्वी नोतोला होता, १८९८ ला आग लागली, मग १९११ ला इथे हलवला. आवार प्रचंड आहे पण काकूंनी मोठा हॉल बघून बाकावर बसलं तरी पुरे. दुपारी मठ आणि संध्याकाळची गाडी, दोघंही खूश.

निशीकासाईकर
वा, हे जमण्यासारखं आहे! बाबांना १५०० व्होल्टचं आत्ताच फोनवर सांगितलं, लगेच विचारतात सबस्टेशन कुठेय 😄 दोन प्रश्न: वीकडे की वीकेंड? आणि तिकडे खायला काय मिळतं?

खाडीकाठचा
वीकडेला जा, संध्याकाळी गाड्या जास्त मिळतात, फक्त कारखाना सुटायच्या वेळी उलट्या दिशेने गर्दी असते ती जाऊ द्या. कॅमेरा कारखान्याकडे वळवू नका, फोटोला मनाई आहे. निशी-कासाईहून मेट्रोने येताना ओतेमाचीला उतरून टोकियो स्टेशनपर्यंत भुयारातून जरा चालावं लागेल, काकूंसाठी तेवढा वेळ जास्त धरा, मग केइहिन-तोहोकू लाईनने सरळ त्सुरुमी. तिथून उमी-शिबाउरा अकराएक मिनिटं.

खाण्यासाठी दुकान नाही. त्सुरुमीलाच काहीतरी घ्या, नाहीतर घरून थालीपीठ.

मृण्मयी_योकोहामा
थालीपीठच न्या. आणि थर्मासमध्ये चहा, पाण्यावरून वारा फार असतो.