प्रतिसाद: 'बिनकौशल्याचं काम' म्हणण्याबद्दल

वर दोघांनी लिहिलंय की स्वयंपाकघरातल्या मदतनिसाचं काम कुणीही दोन दिवसांत शिकतं, त्याला कौशल्य लागत नाही. भांडी घासणं, भाजी चिरणं, ताटं उचलणं याबद्दल एक वेळ मान्य. पण उरलेलं अन्न थंड करायचं काम बहुतेक ठिकाणी याच नव्या मुलांकडे येतं, आणि त्याचा उल्लेख अजून कुणीच केलेला नाही.

भाताचंच घ्या. 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू (म्हणजे त्याचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) भात शिजवूनही मरत नाहीत. पातेलं तसंच ओट्यावर राहिलं की त्यांतून जिवाणू वाढतात, आणि उलट्या घडवणारं त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा सगळा पट्टा धोक्याचा. मोठं पातेलं झाकून थेट फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो, शिवाय शेजारचे पदार्थ तापतात ते वेगळंच. म्हणून भात उथळ ट्रेमध्ये पसरायचा, वाफ जाऊ द्यायची, मग लगेच आत ठेवायचा आणि वर तारीख-वेळ लिहायची. मी काउंटरमागे काम करायचो तेव्हा रात्री उशिरा, पाय दुखत असताना, सगळ्यांना घरी जायची घाई असताना हे करावं लागे. जेवणाऱ्यांची तब्येत त्या वेळी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या हातात असते. त्याला हे कारणासकट शिकवायला मालकांनी पहिल्याच आठवड्यात वेळ काढलाच पाहिजे, आणि त्या वेळेचा पगारही दिला पाहिजे.