सर्कशीतली लव्हस्टोरी लिहितोय, गाडी अडलीय

कुडाळचो_पावणो: मंडळी जरा हेल्प हवीय. मे महिन्यात वाडीच्या पूजेला आम्ही पोरं नाटक बसवतो, यंदा मीच लिहितोय. साल १९८५, कुडाळला सर्कस येते, सोडावॉटरच्या गाडीवरचा पोरगा आणि झुल्यावरची मल्याळी मुलगी, आणि तिच्यावर रिंगमास्टरचा डोळा. पंधरा दिवसांनी तंबू उतरतो, हा धावत स्टेशनवर जातो आणि गाडी सुटते. पण रिंगमास्टर चाबूक घेऊन आला की तालमीत सगळे हसतात, काय चुकतंय कळत नाय. आणि आमच्या एवढ्याशा स्टेजवर झुला दाखवायचा कसा??

घाटातला_ट्रकवाला: ८५ साली कुडाळला स्टेशन? अरे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली जानेवारी १९९८ ला. तोवर सगळं लटांबर ट्रकने घाट उतरून यायचं. आणि रेल्वेसाठी साल पुढे ढकलू पण नको, ९८ लाच सरकारने वाघ सिंह अस्वलांच्या खेळांवर बंदी घातली, मग तुझा रिंगमास्टर चाबूक कोणावर उडवणार 😄

आबोली_मालवण: मी म्हणते रिंगमास्टर काढूनच टाक, तो कुठल्याही पिक्चरमधून उचलल्यासारखा वाटतोय. झुल्यावर बघ काय होतं, मुलगी झुला सोडते, हवेत कोलांटी घेते आणि समोर उलटा लटकलेला कॅचर तिची मनगटं पकडतो, बोटं नाही हां, मनगटं, आणि तिने त्याची. रोज तीन शो. तुझा सोडावाला खाली कितीही जीव टाकू दे, वर तिला धरणारे हात दुसऱ्याचेच. त्या कॅचरला चांगला माणूस कर. ती कुडाळात राहिली तर उद्या तो कॅचर हात कोणापुढे करणार, हे तिलाच सुचू दे, मग बघ कोण हसतं ते.

झुला दाखवूच नको. पोरगा बाटल्यांचा क्रेट घेऊन उभा, मान वर, बँड वाजतोय, मग एकदम बंद. त्याच्या तोंडावर लाईट. झालं.

लहानपणी सर्कशीतल्या बायका सकाळी आमच्या बावीवर पाणी न्यायला यायच्या, रात्री चमचम करणारी ती हीच का असं वाटायचं, साध्या मॅक्सीत, तळहाताला हे एवढे घट्टे. तुझ्या पोराने पहिल्यांदा थंड बाटली हातात दिली की तिने ती पिऊ नये, तळव्यांत धरून ठेवावी.

पेटारो: माका विचारशात तर सर्कस म्हणजे तंबूतलो दशावतारच. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. आमचो काको स्त्रीपार्ट करी, जत्रेमागून जत्रा, काकी म्हणा ह्यो माझो घोव की पाव्हणो 😂 पण चेडवानच कित्याक रवाचा रे? झिलाक घाल ट्रकात.

कुडाळचो_पावणो: आबोलीताई बाटलीचा सीन ढापला, थँक्यू. स्टेशन रद्द, ट्रक फायनल. एकच लोचा, मल्याळी बोलणारी मुलगी आमच्यात कोण नाय.

घाटातला_ट्रकवाला: मग मराठी कर की. आपल्याकडची पहिली सर्कस मराठी माणसाचीच, विष्णुपंत छत्रे, १८८०, आणि त्यांची बायको आवडाबाई स्वतः झुल्यावर काम करायची, त्या काळात! केरळातल्या थलश्शेरीचे कसरतीचे मास्तर कीलेरी कुञ्ञिकण्णन छत्र्यांना भेटल्यावर तिकडे सर्कशीचं शिकवायला लागले आणि मग केरळची पोरं सर्कशीत भरली. सांगलीकडच्या म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस होती. तुझी पोरगी सांगलीकडची दाखव, बिनधास्त चालतंय.

आबोली_मालवण: आणि पेटारो म्हणतायत ते घे. पण ट्रकात बसला तरी तो तिथे सोडाच विकणार, झुल्यावर चढवू नको त्याला प्लीज.

कुडाळचो_पावणो: लिहितो आज रात्रीच. फक्त आमचा रिंगमास्टर रुसलाय, चाबूक स्वतःच्या पैशाने आणलेला त्याने. कॅचर करतोस काय विचारलं तर म्हणतो उलटं लटकायचं नसेल तर करतो.