अलॉय आणि ब्रेक कॅलिपरला सिरॅमिक कोटिंग: घरी करावं की डिटेलिंगवाल्याकडे?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, वरचं मॉडेल घेतलं म्हणून डायमंड कट अलॉय (ॲल्युमिनियमची चाकं) आलेत, मधे काळे आणि वरून चंदेरी. राहायला चिपळूणला आणि कामासाठी कराडला सारखं जाणं-येणं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेलाच. तर पुढची दोन चाकं कायम काळपट-तपकिरी दिसतात, मागची तेवढी नाही, आणि शाम्पूने कितीही घासलं तरी हाताला खरखर लागतेच. वॉशिंग सेंटरवाला कसलंतरी पाणी मारतो, फस्स करून फेस येतो आणि चाक लखलखीत होतं, पण त्याचा वास नाकात गेला की मला भीतीच वाटते. आता एक डिटेलिंगवाला म्हणतोय की चारी चाकं आणि चारी कॅलिपर (ब्रेकच्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, पॅडने दाबणारा भाग) सिरॅमिक करून घ्या, म्हणजे काचेसारखा कडक होणारा पातळ थर, साडेसात हजार, पाच वर्षं बघायला नको, ९एच कोटिंग आहे, दगड लागला तरी काही होत नाही. हे खरं का? की बाटली मागवून घरी करता येतं? आणि सध्या पाऊस चालू आहे तर आत्ता करावं का थांबावं? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

चाकणकर
चारी कॅलिपर कुठून आणले त्याने? पेट्रोल हॅचबॅक आहे म्हणजे मागे बहुतेक ड्रम ब्रेक (डिस्कऐवजी बंद डबा) असणार, एकदा वाकून बघा. ड्रम असतील तर कॅलिपर फक्त पुढे दोन, आणि तो तुमच्याकडून नसलेल्या दोन कॅलिपरचे पैसे घेतोय :)

मी ब्रेकच्याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे जास्तीत जास्त काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून तुमची पुढची चाकं जास्त घाण. ती जी काळी पूड आहे ती नुसती पॅडची नसते, डिस्क बिडाची असते आणि तीही घासली जाते, म्हणजे त्यात लोखंडाचे बारीक कण असतात. घाटात उतरताना हे कण गरम असतानाच उडतात आणि चाकावरच्या लॅकरमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) रुततात, मग तुमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा, तिथल्या तिथे गंजतात. तपकिरी रंग आणि खरखर ती हीच. शाम्पू मळ काढतो, रुतलेलं लोखंड नाही काढत. (घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरत जा, कोटिंगपेक्षा जास्त फरक त्याने पडेल आणि फुकट आहे.)

वॉशिंगवाल्याचं पाणी बहुतेक ॲसिड आहे. एकदा-दोनदा मारल्याने लगेच काही दिसत नाही पण लॅकर हळूहळू मरतं, आणि जिथे लॅकरला टवका गेलाय तिथे ते थेट उघड्या ॲल्युमिनियमवर जातं. काही ठिकाणी त्यात हायड्रोफ्लोरिक असतं, ते तर कातडीतून आत जाणारं ॲसिड आहे, तो पोरगा हातमोजे न घालता मारत असेल तर त्यालाही सांगा. त्याऐवजी आयर्न रिमूव्हर (रुतलेलं लोखंड विरघळवणारं केमिकल) मिळतो तो आणा. गार चाकावर सावलीत मारायचा, लोखंड लागलं की जांभळा रंग ओघळायला लागतो, वास सडक्या अंड्यासारखा येतो तेवढा सहन करा, आणि वाळायच्या आत पाण्याने पूर्ण धुवायचं.

९एच ही पेन्सिलची मोजणी आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली घेऊन पृष्ठभागावर ओरखडा जातो का बघतात, ९एच म्हणजे त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. घाटातला दगड पेन्सिल नसतो. कोटिंगची जाडी एखाद-दोन मायक्रॉन, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, आता तुम्हीच ठरवा दगड अडेल का. फूटपाथला घासलं, खड्ड्यात आपटलं, काहीच अडत नाही. फायदा एवढाच की पूड चिकटून बसत नाही, पाण्याच्या प्रेशरने बरीचशी निघते आणि लॅकर केमिकलपासून थोडं वाचतं. तो फायदा खरा आहे पण पाच वर्षं बघायला नको हे काही खरं नाही. चाकाला बॉडीपेक्षा जास्त मार बसतो, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष नीट चाललं तरी छान झालं म्हणा.

खारं_वारं
रत्नागिरीहून. डायमंड कट म्हणालात म्हणून एक सांगतो, कोटिंगच्या आधी प्रत्येक चाकाची कड उन्हात नीट बघा. लॅकरच्या खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या बारीक रेघा पसरलेल्या दिसल्या तर ते आत गंजणं सुरू झालंय. डायमंड कटमध्ये वरचा भाग लेथवर कापून चकचकीत केलेला असतो आणि त्याच्यावर फक्त पारदर्शक लॅकर, खाली रंग नाही. एक टवका गेला की खारी हवा आणि पाणी आत शिरतं आणि लॅकर उचलत पुढे पुढे जातं. त्याच्यावर सिरॅमिक लावलं तर आतलं आत चालूच राहतं, पैसे पाण्यात. अशा चाकाला परत लेथवर घ्यावं लागतं आणि तेही सारखं सारखं नाही करता येत कारण दरवेळी धातू कमी होतो. आमच्या इथे बरेच जण वैतागून शेवटी चारी चाकं एका रंगात पावडर कोट (पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग) करून घेतात. दिसायला साधी पण डोक्याला ताप नाही.

साधा_माणूस
एवढं सगळं करण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी चाक धुवा ना राव. आमच्या बाबांच्या गाडीला स्टीलचे रिम आणि वर प्लॅस्टिकची टोपी, कधी कोटिंगचं नाव काढलं नाही. हल्ली सगळ्यालाच सिरॅमिक, उद्या स्टेपनीला पण करतील.

कोल्हापुरी_फोम
साधा माणूस भावा, पंधरा दिवसांनी धुतोस ते बरोबरच हाय, पण कोटिंग केल्यावर तेच धुणं निम्म्या वेळात होतंय की, त्यासाठीच करायचं. मी स्वतःच्या गाडीला करतो, पाहुण्यांच्या पण दोन-चार केल्यात. दुकान नाही माझं, त्यामुळं विकायचं काय नाही.

वाशिष्ठीकाठ, घरी आरामात होतंय. खास चाकांसाठीची कोटिंग मिळतात, जीटेक्निकचं सी५, ग्यॉनचं रिम, कारप्रोचं डीलक्स, आपल्याकडची पण बरीच निघालीत. ३० मिलीची बाटली चार चाकांना पुरून उरते. पण खरं काम बाटली उघडायच्या आधीचं. चाक काढायचं, कारण पूड सगळ्यात जास्त आतल्या बाजूला साठते, बाहेरून नुसत्या दांड्यांना लावून काय उपयोग. आधी साधं धुणं, मग आयर्न रिमूव्हर, एकदा मारून जांभळं येतंय तोवर परत मारायचं, मग डांबराचे काळे ठिपके असतील तर टार रिमूव्हर, मग क्ले (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवायचा, हात फिरवला की काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. पूर्ण कोरडं झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, तेल किंवा वॅक्सचा अंश राहिला तर कोटिंग धरत नाही. मग हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, फडक्यावर चार-पाच थेंब घ्यायचे आणि एका वेळी एकच दांडी किंवा आतल्या बाजूचा वीतभर भाग. लावल्यावर थोडं इंद्रधनुष्यासारखं चमकायला लागतं, ते दिसलं की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यायचं. पुसायचं राहिलं तर तिथं काळपट डाग पडतो आणि कडक झाल्यावर पॉलिश केल्याशिवाय जात नाही. नटांच्या भोकांत लावायचं नाही, नट जिथं टेकतो तिथं तर अजिबातच नाही. आणि ती फडकी परत बॉडीला वापरायची नाहीत, फेकून द्या सरळ.

पावसाचं म्हणाल तर हे कोटिंग हवेतल्या ओलाव्यानेच कडक होतंय, त्यामुळं तुमच्या चिपळूणच्या हवेत ते लय पटकन धरतं, पुसायला वेळच मिळत नाही. म्हणून अजून छोटा भाग घ्या. पण लावल्यावर निदान २४ तास पाणी लागता कामा नये, आणि तुमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये २४ तास कोरडं कुठं मिळणार? घाई नसेल तर नवरात्र झाल्यावर करा. घाई असेल तर एक चाक काढायचं, तिथं स्टेपनी लावायची, चाक घरात आणून निवांत करायचं, दुसऱ्या दिवशी परत बसवून पुढचं. स्टेपनी लहान साइझची असेल तर तेवढे दिवस गाडी जाग्यावरच. उरलेली बाटली घट्ट बंद केली तरी काही दिवसांनी आतच घट्ट होते, त्यामुळं चारी चाकं एकाच आठवड्यात उरका.

वाशिष्ठीकाठ
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. चाकणकर, वाकून बघितलं, मागे ड्रमच आहेत, डिटेलिंगवाल्याला फोन करून विचारलं तर म्हणाला ड्रमला पण करतो :) चाकं तपासली, मागच्या एकाला कडेला थोडी पांढरी रेघ आहे, बाकी तीन ठीक. आता कॅलिपरचं सांगा, ते गंजल्यासारखे तांबडे-तपकिरी दिसतात, त्यांना सिरॅमिक लावलं की गंज थांबेल का? लाल रंग केला तर कसं दिसेल, बायको म्हणते शोभणार नाही.

चाकणकर
नाही थांबणार. कॅलिपर बिडाचा असतो, उघड्या गंजक्या बिडावर सिरॅमिक लावणं म्हणजे ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारणं. त्याला आधी रंग पाहिजे. कॅलिपरचा दोन भागांचा रंग मिळतो, रंग आणि हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा. साधा ऑइल पेंट मारू नका, घाटात डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, कॅलिपर तेवढा नाही तापत पण साधा रंग करपून सोलायला पुरेसा तापतो. तारेच्या ब्रशने गंज काढा, तोंडाला मास्क लावून, ब्रेक क्लीनरने पुसा, डिस्क कागदाने झाका. रबराचे बूट, सरकणाऱ्या पिना, ब्लीडर निप्पल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची तोटी) आणि पॅड जिथे बसतात त्या जागा, इथे रंगाचा थेंबही नको, पिन अडकली तर एक पॅड सतत घासत राहील. कॅलिपर खोलायची काही गरज नाही, आणि कोणी खोललाच तर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडू देऊ नका. रंग पूर्ण सुकल्यावर हौस असेल तर वरून सिरॅमिकचा हात द्या, पूड निघायला बरं पडतं. स्प्रेवालं कोटिंग मात्र तिथे वापरायचंच नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं. डिस्कवर चुकून लागलं तर ब्रेक क्लीनरने लगेच साफ करा, पॅडला लागलं तर पॅड बदला, उगाच रिस्क नको.

लालबद्दल वहिनींचं बरोबर आहे. १४-१५ इंची डिस्कवाल्या गाड्यांसारखी तुमची डिस्क भरगच्च दिसणार नाही, छोटा लाल कॅलिपर आणि मागे गंजका ड्रम जास्तच डोळ्यात येतो. काळा किंवा राखाडी करा, ड्रमलाही बाहेरून तोच रंग द्या.

बॅटरीवाला_नाशिक
मधेच बोलतो, माझी इलेक्ट्रिक आहे. उतारावर मोटरच गाडी धरते त्यामुळे ब्रेक पूड जवळजवळ नाहीच, कोटिंग केलंय ते नुसतं चिखल आणि टँकरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांसाठी. ते डाग मात्र कोटिंगवरही पडतात, धुतल्यावर लगेच पुसावंच लागतं. उलट ब्रेक कमी वापरल्याने पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक दाबून तो घालवतो.

वाशिष्ठीकाठ
ठरलं मग. पांढऱ्या रेघेवालं चाक आधी पावडर कोटवाल्याला दाखवतो, बाकी नवरात्रानंतर घरीच. आत्ता फक्त आयर्न रिमूव्हर मागवतो. शेवटचा प्रश्न, चाक परत बसवताना नट किती आवळायचे? गाडीतल्या पान्याने पाय देऊन आवळतात तसं चालेल?

कोल्हापुरी_फोम
पाय देऊ नको भावा. गाडीच्या पुस्तकात न्यूटन मीटरमध्ये आकडा असतो, तोच धरायचा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) कुणाकडून तरी एक दिवस मागून आण. चाक हवेत असताना हाताने सगळे नट बसव, जॅक खाली घेतल्यावर समोरासमोरचे अशा क्रमाने आवळ, नटाला तेल-ग्रीस काही लावायचं नाही. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर परत एकदा बघ. जॅक लावताना हँडब्रेक, पहिला गिअर, तिरप्या समोरच्या चाकाला दगड, आणि नुसत्या जॅकवर असताना गाडीखाली डोकं घालू नको. कॅलिपर रंगवायचा असेल तर खाली स्टँड पाहिजेच, त्याला वेळ लागतो.