‘टेरर’ या मॉनिटर युद्धनौकेची कामगिरी मुलांना कशी समजावून सांगावी?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर भित्तिपत्रक तयार करताना ब्रिटिश नौदलाच्या ‘टेरर’चे नाव वारंवार समोर आले, परंतु शोध घेतला की कुठे ते 1845 मध्ये आर्क्टिककडे निघून बर्फात हरवलेले दिसते, तर कुठे 1941 मध्ये लिबियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेले. ही दोन वेगळी जहाजे आहेत का? शिवाय 15 इंची तोफा वाहणारे आणि तरीही ताशी जेमतेम 12 सागरी मैल जाणारे जहाज मुळात बांधलेच कशासाठी? आपल्या भागाला समुद्र नाही, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहील असे सांगता आले पाहिजे.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)
सर, जहाजे दोन आहेत. जुने ‘टेरर’ 1813 मधले, लाकडी. 1814 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर मारा करणाऱ्या ताफ्यात ते होते, नंतर फ्रँकलिन यांच्या 1845 च्या आर्क्टिक मोहिमेत गेले आणि 2016 मध्ये त्याचे अवशेष सापडले.

आपल्याला हवे असलेले ‘टेरर’ बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत बांधले गेले आणि मे 1916 मध्ये पाण्यात उतरले. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या किनाऱ्यावर जर्मनांचा ताबा होता, तिथला समुद्र उथळ आणि वाळूच्या दांड्यांनी भरलेला, त्यामुळे खोल बुडणाऱ्या मोठ्या युद्धनौका जवळ नेणे धोक्याचे होते. म्हणून सुमारे आठ हजार टनांचे, 27 मीटर रुंद, पण पाण्याखाली साडेतीन मीटरच्या आसपासच, म्हणजे आपल्या घराच्या एका मजल्याएवढेच बुडणारे जहाज तयार केले. उथळ पाण्यातून किनाऱ्यावर मारा करणाऱ्या अशा तोफनौकेला मॉनिटर म्हणतात. दोन्ही बाजूंना पाणतीर (टॉर्पेडो) झेलण्यासाठी पोकळ फुगवटे होते आणि वेग गेला तो या रुंदीपायी. फुगवट्यांची परीक्षाही झाली: ऑक्टोबर 1917 मध्ये तीन पाणतीर लागूनही जहाज वाचले आणि 1918 मध्ये बेल्जियमच्या झेब्रुग बंदरावरील हल्ल्यात पुन्हा तोफा डागू लागले. त्याचा दोन तोफांचा बुर्ज (तोफा बसवलेले फिरते तोफघर) आधी ‘मार्शल ने’ या मॉनिटरवर होता. त्या नौकेची इंजिने कामाची निघाली नाहीत, म्हणून तो इकडे आला.

बालाघाट (अंबाजोगाई)
वरील उत्तरात लिबियाचा भाग राहिला आहे आणि माझ्या मते भित्तिपत्रकात सर्वाधिक जागा त्यालाच द्यावी. जून 1940 मध्ये माल्टावर इटलीचे हवाई हल्ले सुरू झाले तेव्हा ‘टेरर’ तिथल्या बंदरात होते. डिसेंबरमध्ये ब्रिटिश सैन्य इजिप्तमधून पुढे सरकले तेव्हा त्याने सिदी बर्रानीजवळच्या मक्तिला या इटालियन छावणीवर मारा केला. त्याच सुमारास सिदी बर्रानीवर चालून जाणाऱ्या सैन्यात आपली चौथी भारतीय डिव्हिजन होती, हे मुलांना आवर्जून सांगावे. नंतर लिबियातील बार्दियावर मारा केला. साधारण 870 किलोचा एकेक गोळा डागून डागून नळ्यांच्या आतले आटे झिजले आणि मोठ्या तोफांचा भरवसा राहिला नाही.

मात्र याच काळात हे जहाज वाळवंटातल्या सैन्यासाठी इजिप्तच्या सीमेवरील सोल्लुम बंदरात पिण्याचे पाणी पोहोचवत होते. कामगिरीच्या याद्यांत ही नोंद एका ओळीत आटोपते, याचे मला वाईट वाटते. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा मी तिथेच राहत होतो. टँकरच्या पाइपाखाली घागर धरली की पहिले थेंब पत्र्यावर पडल्यासारखे वाजत आणि रांगेतली माणसे बोलायची थांबत. पाण्याचे मोल जाणणाऱ्या मुलांना ही नोंद तोफांपेक्षा लवकर कळेल.

शेवट लिबियाच्या बेनगाझी बंदराचा. फेब्रुवारी 1941 मध्ये तिथे जर्मन विमानांच्या बॉम्बनी नुकसान झाले, तोब्रुककडे निघताना पाणसुरुंगांनी ते वाढवले आणि डर्नाजवळ जहाज बुडाले. खलाशांना त्याआधी उतरवून घेतले होते.

मांजराकाठ (लातूर)
दोघांचेही मनापासून आभार. बुर्जाच्या चित्राशेजारी सोल्लुमच्या पाण्याची स्वतंत्र चौकट करतो आणि आपल्या त्या पाण्याच्या रेल्वेचा फोटो तिच्याखाली लावतो.