बिबळ्याच्या पेल्यातले पाणी आणि मधुमेहाच्या गोळ्या : जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून टाइप २ मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. दिवाळीत आत्याने त्यांना बिबळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडाचा पेला आणून दिला. रात्री भरून ठेवलेले पाणी सकाळपर्यंत कोऱ्या चहासारखे तांबूस होते आणि उजेडात धरले की कडेला निळसर झाक दिसते. ते पाणी आबा रोज अनशापोटी घेऊ लागले. दोन महिन्यांनी एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि ग्लुकोमीटरवर ५८ हा आकडा आला. साखरपाणी दिल्यावर ते सावरले. आदल्या रात्री त्यांनी नीट जेवण केले नव्हते, शिवाय ग्लिमेपिराइडने एरवीही साखर उतरू शकते; त्यामुळे दोष पाण्याचाच, असे मला म्हणता येत नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आहे. बिबळ्यात एपिकॅटेचिन हे फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणारे एक प्रकारचे संयुग, असते. त्याने उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी पुन्हा वाढतात, असे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले गेले. मात्र इतर संशोधकांना तो परिणाम मिळाला नाही. कांद्यातले क्वेर्सेटिन परीक्षानळीत पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते, पण पोटात गेल्यावर आतडे आणि यकृत त्याचे रूप इतके बदलतात की रक्तात ते मूळ स्वरूपात फारच थोडे उरते. मला सर्वांत बोलके वाटले ते सफरचंदाच्या झाडाच्या सालीतले फ्लोरिझिन. १८३५ साली ते वेगळे केले गेले आणि त्यामुळे लघवीवाटे साखर बाहेर पडते, हे जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवले. तरीही साल किंवा फ्लोरिझिन औषध ठरले नाही, कारण ते आतड्यातच तुटते आणि तिथले साखर शोषणारे वाहकही अडवते. त्याच्या रचनेवरून पुढे डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घडवल्या गेल्या.

आमच्या डॉक्टरांनी ‘बंद करा’ एवढेच सांगितले, कारण सांगितले नाही. औषधशास्त्र किंवा आयुर्वेदाचा अभ्यास असलेल्यांना माझी विनंती आहे की, रात्रभर भिजलेल्या लाकडातून पाण्यात एपिकॅटेचिन किती उतरते, पेला जुना झाल्यावर ते घटते का, आणि ग्लिमेपिराइडसोबत हे पाणी घेतलेल्या माणसांवर नीट नोंदी ठेवून काही अभ्यास झाला आहे का, हे कृपया सांगावे. गोळ्या थांबवण्याचा आमचा विचार नाही. पेला सध्या मी कपाटात ठेवला आहे, आणि आबा रोज सकाळी तो मागतात.