सोसायटी ग्रुप : गणपतीचा देखावा, बार्शी लाईट आणि तो फलक

जोशी काका (ए-५०२): क्लब हाऊसमध्ये बार्शीच्या जुन्या छोट्या रेल्वेचा देखावा केलाय, त्याचा फलक कुणी लिहिला, ते कळेल का? "बार्शी लाईट रेल्वे : भारत सरकार आजही या ब्रिटिश कंपनीला पैसे मोजते." चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच लिहिलंय.

शिंदे (सेक्रेटरी): नमस्कार काका. देखावा युवा मंडळाचा आहे. मुलं रात्री जागली आहेत. सर्वांनी कौतुकाचे दोन शब्द लिहावेत ही विनंती.

जोशी काका (ए-५०२): कौतुक काल आरतीनंतर माईकवर केलं. आता फलकाचं विचारतोय.

अथर्व (युवा मंडळ): काका, मजकूर आपल्याच ग्रुपवरच्या मेसेजमधून घेतला. साठे काकांनी टाकला होता.

साठे (बी-३०१): हो, मीच. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी पुन्हा : "भारतात एक रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची! शाळेत हे कधीच शिकवलं नाही! प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा!" 🙏🙏

जोशी काका (ए-५०२): अहो साठे, ती शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूर. वऱ्हाडातला कापूस न्यायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने काढलेली. मालकीचं आणि रॉयल्टीचं जे काही छापून येतं ते तिच्याबद्दल. बार्शी लाईटशी तिचं साम्य एकच, दोन्ही अडीच फुटी गेजच्या, म्हणजे दोन रुळांत अंतर अडीच फूट. बार्शी लाईट सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली. विषय संपला.

भोसले (बी-२०४): काका एक नंबर 👏 आमच्या बार्शीच्या गाडीला कुणी परकी म्हणायचं नाही.

कुलकर्णी काकू (सी-१०२): देखावा सुंदरच आहे. पण उरलेलं प्लायवूड रॅम्पवर पडलंय. ह्यांची व्हीलचेअर जात नाही. परवाही लिहिलं होतं.

साठे (बी-३०१): पण कंपनी लंडनचीच होती ना? मग मेसेजमध्ये चूक काय?

जोशी काका (ए-५०२): होती. १८९५ साली लंडनला नोंदलेली. १९५१ ला सेंट्रल रेल्वे झाली तेव्हाही ही वेगळीच राहिली, सव्वादोन वर्षं उशिराने आत आली. माझे वडील कुर्डुवाडी वर्कशॉपला फिटर. कंपनी गेली आणि सरकारी नोकरी लागली म्हणून आजीने गल्लीत पेढे वाटले होते. "आजही" म्हणे!

देव (ए-१०१): विषय निघालाच आहे तर, पुण्याच्या सोसायटीत जीआयपी (आपल्या मुंबई-पुणे लाईनची जुनी कंपनी) सोडून ही खेळण्यातली गाडी का? डेक्कन क्वीन करायची. १९३० पासून धावते आहे.

भोसले (बी-२०४): देवसाहेब, तुमच्या जीआयपीनं आमच्या गावाला काय दिलं? "बार्शी रोड" नावाचं स्टेशन. म्हणजे आताची कुर्डुवाडी. तिथनं बार्शी ३५ किलोमीटर. उतरा आणि बसा बैलगाडीत. कापसाच्या गाठी पण तशाच जायच्या.

देव (ए-१०१): मुख्य लाईन प्रत्येकाच्या दारातून नेता येत नाही.

भोसले (बी-२०४): पुण्याच्या दारातनं बरी गेली 😄

जोशी काका (ए-५०२): पुण्यालाही सुखाने नाही आली. खंडाळा ते पुणे १८५८ ला सुरू झालं, पण बोरघाट पुरा व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं घाटाखाली उतरा, पालखीत नाहीतर तट्टावर बसा, वर येऊन पुन्हा गाडी धरा. तेव्हा देव, बैलगाडीला हसू नका.

देव (ए-१०१): हसलो नाही. माहिती विचारली.

अथर्व (युवा मंडळ): काका, मॉडेल तरी बरोबर आहे का?

जोशी काका (ए-५०२): डबे छान. इंजिनाला मात्र चाकं कमी लावलीत. सुरुवातीची किटसन कंपनीची इंजिनं, त्यांना चार जोड्या मोठी चाकं, एकमेकांना दांड्यांनी जोडलेली, आणि मागे दोन जोड्या लहान. ती हौस म्हणून नव्हती. रूळ हलके, एक यार्ड लांबीला वजन फक्त ३० पौंड. त्यावर एका आसाला, म्हणजे चाकांच्या एका जोडीला, ५ टनांच्या वर भार द्यायचा नाही, असं कॅलथ्रॉपचं गणित. इंजिन असो, मालडबा असो, सगळ्यांना हाच नियम. मग रूळ स्वस्त, पूल स्वस्त, तरी माल भरपूर. अख्खी बार्शी लाईट या एका आकड्यावर उभी होती.

अथर्व (युवा मंडळ): भारी! कॅलथ्रॉप म्हणजे मालक?

जोशी काका (ए-५०२): इंजिनिअर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आधी जीआयपीतच लोको इन्स्पेक्टर होता. बार्शीला छोटी लाईन टाका म्हणून मागे लागला आणि शेवटी स्वतःच कंपनी उभी केली. १८९७ ला बार्शीला गाडी आली. पुढे १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल. त्यानेच नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं, "गार्डियन एंजल" नावाचं. पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं.

भोसले (बी-२०४): आमच्या गाडीतनं उतरायला लागायचंच ते 😂 आज्जी आषाढीला मालडब्यात बसून पंढरपूरला जायची. म्हणायची, पांडुरंग भेटेपर्यंत हाडं मोकळी व्हायची.

साठे (बी-३०१): ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी पुन्हा : "भारतात एक रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची..."

जोशी काका (ए-५०२): साठे!!

साठे (बी-३०१): मी माहिती म्हणून टाकतोय. कुणाला उद्देशून नाही. ग्रुप सर्वांचा आहे.

जोशी काका (ए-५०२): टेरेसवरच्या सोलरच्या वेळीही असंच "माहिती म्हणून" चाललं होतं. त्याचं बिल अजून भरतोय आपण.

साठे (बी-३०१): सोलर मध्ये आणायचं कारण नव्हतं. ठराव बहुमताने झाला होता. आदर राखून सांगतो.

शिंदे (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक नको. सणाचे दिवस आहेत. सोलर एजीएममध्ये.

कुलकर्णी काकू (सी-१०२): प्लायवूडसुद्धा एजीएममध्येच उचलणार का?

अथर्व (युवा मंडळ): काकू सॉरी, पाच मिनिटांत उचलतो.

देव (ए-१०१): लातूरला हल्ली ब्रॉडगेजनेच जातात ना? मग ही छोटी लाईन कुठे आहे?

भोसले (बी-२०४): गेली की. २००८ ला कुर्डुवाडी-लातूर मोठी झाली. मार्गही बदलला. पूर्वी धाराशिव शहर बाजूला राहायचं, आता गाडी तिथनं जाते. मिरजेची बाजू त्यानंतर झाली. एक बरं झालं, कुर्डुवाडीला माल या डब्यातनं त्या डब्यात करायची हमाली सुटली. बार्शीचे जुने व्यापारी तिलाच कंटाळले होते, उतरवताना पोती फुटायची.

जोशी काका (ए-५०२): अथर्व, नवा मजकूर पाठवतो. आठ ओळी. त्यात एकही उद्गारचिन्ह टाकू नकोस.

शिंदे (सेक्रेटरी): नवा फ्लेक्स छापायचा तर खर्च कोणत्या खात्यातून? देखाव्याचं बजेट संपलं आहे.

देव (ए-१०१): ज्यांच्या मेसेजमुळे छापला त्यांच्या खात्यातून 🙂

साठे (बी-३०१): देव, सूचना नोंदवून घेतली. वर्गणी मी सगळ्यांच्या आधी दिली आहे. यादी क्लब हाऊसच्या दारावर आहे.

भोसले (बी-२०४): भांडू नका हो. फ्लेक्स माझ्याकडनं. फक्त बार्शीचं नाव मोठ्या अक्षरात, आणि प्रायोजक म्हणून आमच्या दुकानाचं खाली बारीक.

शिंदे (सेक्रेटरी): जाहिरात असेल तर कमिटीची परवानगी लागेल.