दुपारच्या चायनीज कॉम्बोत कशाबरोबर काय घ्यावं?

निवांत_दुपार:
दर गुरुवारी मी आणि बाबा दुपारी बाहेर जेवतो. आई गेल्यापासून हा नेम एकदाही चुकवलेला नाही. बहुतेक वेळा चायनीजच असतं, कारण त्यांचा दुपारचा कॉम्बो स्वस्त पडतो आणि दोघांत एक पुरतो. यादीतले कोणतेही दोन पदार्थ, एक सूप किंवा स्प्रिंग रोल, आणि साधा भात, फ्राइड राइस नाहीतर नूडल्स.

माझी निवड मात्र दर वेळी फसते. गेल्या गुरुवारी ब्रोकोली चिकन आणि मश्रूम-बेबीकॉर्न मागवलं. नावं वेगळी, भाज्या वेगळ्या, पण दोन्ही बशांत तोच तपकिरी, चकचकीत रस. त्याआधी स्वीट अँड सॉर चिकन आणि लेमन चिकन घेतलं होतं, म्हणजे दोन्ही तळलेलं आणि दोन्ही गोड. बाबांनी चार घास खाल्ले आणि "पोट भरलं" म्हणाले. मी त्यांची मुलगी आहे, त्यांची भूक मला कळते. पोट भरलं नव्हतं, तोंडाला कंटाळा आला होता.

बाबांना कवळी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तिखट मनापासून आवडतं. आम्ही दोघंही मांसाहार करतो. यादीत वरच्या पदार्थांशिवाय कुंग पाव चिकन, आलं-पातीचं चिकन, मापो टोफू, लसणातला बॉक चॉय (चिनी पालेभाजी), परतलेल्या शेंगा आणि लसूण सॉसमधलं वांगं आहे. सूपमध्ये हॉट अँड सॉर आणि एग ड्रॉप. काय जुळवू?

वोकवरचा:
ताई, मी सहा वर्षं चायनीज किचनमध्ये वोकवर, म्हणजे चिनी कढईवर, उभा होतो, त्यामुळे तुमचं कुठे बिनसतं ते लगेच लक्षात आलं. तुम्ही नाव आणि भाजी बघून निवडता. निवडायचं सॉस आणि कृती बघून.

दुपारचा कॉम्बो स्वस्त का पडतो, तर सगळी तयारी सकाळीच झालेली असते. चिकनचे काप मॅरिनेट केलेले, ब्रोकोली-शेंगा उकळत्या पाण्यातून काढलेल्या, आणि वोकच्या हाताशी सॉसचे तीन-चार डबे. ऑर्डर आली की तेल, आलं-लसूण, मग चिकन किंवा भाजी, डावभर सॉस, शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. ते पडल्यावर रस दाटतो आणि चमकतो. दोन-तीन मिनिटांत बशी बाहेर. तुमचं ब्रोकोली चिकन आणि मश्रूम-बेबीकॉर्न बहुधा एकाच डब्यातल्या सॉसचं होतं. वेटरला सरळ विचारा, "या दोन्हींचा सॉस एकच आहे का?" रोज वाढणाऱ्याला ते माहीत असतं.

आता भाताचं. माझं सगळ्यात ठाम मत याच बाबतीत आहे. चिनी जेवणात भात हे मुख्य जेवण आणि बाकीचे पदार्थ त्याला चव आणण्यासाठी. ‘फान’ म्हणजे भात आणि ‘त्साय’ म्हणजे भाताबरोबरचे पदार्थ, अशी त्यांच्याकडे विभागणीच आहे. म्हणून पदार्थात मीठ घालताना सोबत बिनमिठाचा भात गृहीत धरलेला असतो. फ्राइड राइस घेतलात की तेल आणि सोया सॉस आधीच भातात आलं, आणि त्यावर दोन रसदार पदार्थ ओतले की सगळं खारट आणि जड होतं. म्हणून आधी साधा भात पक्का करा. मग एक पदार्थ असा घ्या की ज्याचा रस भातात मुरेल, आणि दुसरा कोरडा किंवा हलका, म्हणजे मधेमधे तोंड मोकळं होईल.

तुमच्या यादीतून मी मापो टोफू आणि लसणातला बॉक चॉय घेईन. मापो टोफू चीनमधल्या चेंगदू शहराचा, एकोणिसाव्या शतकातला पदार्थ. नावातला ‘मा’ हा तो बनवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांवरून आला, असं सांगतात. मऊ टोफू, खिमा आणि मिरची घालून आंबवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची लाल पेस्ट. बाबांना चावावं लागणार नाही आणि तिखटाची हौसही भागेल. वर सिचुआन मिरी असेल तर ओठ थरथरतील. नावात मिरी असली तरी ती लिंबाच्या कुळातल्या झाडाच्या फळाची साल असते. ती थरथर संशोधकांनी मोजली आहे, सेकंदाला सुमारे ५० कंपनं. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील.

बाबांना चिकन हवं असेल तर परतलेल्या चिकनला घाबरू नका. ते मांसाच्या धाग्यांना आडवं कापून अंड्याचा पांढरा बलक आणि कॉर्नफ्लोअर लावून ठेवलेलं असतं, त्यामुळे कवळीलाही सोपं जातं. कुंग पावमधले शेंगदाणे मात्र तुमच्या वाटणीला.

मीठ_बेताचं:
वरच्या उत्तराशी सहमत, पण रक्तदाबाचा मुद्दा मागे राहायला नको. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ मिली सोया सॉसमध्ये, ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहावं. मापोमधली ती लाल पेस्टही चांगली खारट असते. म्हणून एका जेवणात असा एकच पदार्थ, आणि बॉक चॉय सांगताना "सोया सॉस नको, फक्त लसूण" म्हणा. ऑर्डर आल्यावर परततात, त्यामुळे हे सहज जमतं. सूपमध्येही बरंच मीठ असतं, एका वाटीत दोघं भागवा. मापो भातावर ओतू नका. चमच्याने टोफू उचलून घ्या, उरलेला रस बशीतच राहू दे. माझ्या सासऱ्यांसाठी मी हेच करते.

सूप_आधी:
सूपबद्दल कुणी बोललं नाही. हॉट अँड सॉरचा तिखटपणा पांढऱ्या मिरीचा आणि आंबटपणा व्हिनेगरचा. ते प्यायल्यावर स्वीट अँड सॉर घेतलं की आंबटावर आंबट. मापोआधी प्यायलं तर जीभ आधीच पेटलेली, मग टोफूची चव काय कळणार? तिखटाबरोबर एग ड्रॉपच बरं.

फ्राइड राइसला इतकं बाजूला टाकू नये असं मला वाटतं. रात्रभर थंड झालेल्या भाताचा दाणा सुटा राहतो आणि मोठ्या आचेवर त्याला जो खमंग वास येतो तो साध्या भाताला कुठून येणार? आलं-पातीचं चिकन आणि बॉक चॉय, म्हणजे दोन्ही हलके पदार्थ घ्या आणि बिनधास्त फ्राइड राइस मागवा. तळलेलं काही घेतलंत तर सॉस वेगळ्या वाटीत मागा, दहा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो.

निवांत_दुपार:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गेलो होतो. मापो टोफू, बॉक चॉय, साधा भात, एग ड्रॉप सूप. सोया सॉस नको म्हटल्यावर वेटरने फक्त मान हलवली आणि तसंच आणून दिलं. दाटसर पाण्यात लसणाचे पांढरे काप, हिरवीगार पानं.

बाबांना थरथरीबद्दल सांगून ठेवलं होतं. तरी दुसऱ्या घासाला त्यांनी चमचा खाली ठेवला, खालच्या ओठाला बोट लावलं आणि थोडा वेळ नुसते बसले. मी पाणी पुढे केलं तर हाताने नको म्हणाले. मग भात मागे सारून वाटीत जागा केली आणि आणखी टोफू घेतला. बॉक चॉयचा देठ आधी चावून पाहिला, मग सगळा खाल्ला. भात पुन्हा मागवावा लागला. निघताना खिशातल्या डायरीत त्यांनी ‘मापो’ लिहून घेतलं, आणि त्याखाली ‘वांगं?’

तर पुढच्या गुरुवारी वांग्याबरोबर काय?

वोकवरचा:
वा! वाचून फार बरं वाटलं. ते वांगं बहुतेक ‘यूश्यांग’ प्रकारचं असेल. नावाचा अर्थ माशाच्या वासाचं, पण त्यात मासा नसतो. माशासाठी वापरतात तो मसाला असतो. वांगं आधी तेलातून काढतात, म्हणून लोण्यासारखं मऊ होतं आणि तेलही बरंच पितं. सॉस आंबट, गोड आणि तिखट असा तिन्ही बाजूंनी भरलेला, म्हणून सोबत आलं-पातीचं चिकन घ्या, फिकट आणि कमी मिठाचं. शेंगा नकोत, त्याही तेलकट असतात. भात साधाच, आणि या वेळी सुरुवातीलाच दोन वाट्या सांगा.